रात्री पडणारा आकडा

"पाणी एकदम बरोबर आहे, रोज सकाळी 35 येतंय, तरी झिंगे मरतायत," असा फोन आला की माझा पहिला संशय मीटरवर जातो. ही टाकी तीनशे लिटरची, खाऱ्या पाण्याची; 35 म्हणजे हजार भागांत 35 भाग मीठ, समुद्राच्या पाण्याइतकं. दुपारी पोहोचलो आणि माझ्या रिफ्रॅक्टोमीटरवर (थेंबातून प्रकाश किती वाकतो त्यावरून खारटपणा सांगणाऱ्या यंत्रावर) थेंब टाकला, तर 38. हा मी 35 च्या प्रमाण द्रावणावर लावतो. नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य जुळवलं की काम झालं असं समजणारे पुष्कळ भेटतात. वरच्या टोकाला तो किती चुकतोय हे त्यांना कळतच नाही. टाकीच्या पाण्यात कायम बुडवलेल्या त्यांच्या प्रोबचा, म्हणजे खारटपणाच्या मापकाचा, पडदा पाहिला, तोही 38 दाखवत होता. मग सकाळचा 35 आला कुठून?

तिथे देखभाल करणारे दादा हळूच म्हणाले, "रात्री आकडा पडतो. साहेबांना सांगितलं होतं." त्यांना हुकूम एवढाच होता की सकाळी आकडा 35 च्या खाली दिसला तर मीठ टाकायचं. वर किती गेलं तर ओरडायचं, ती मर्यादा कंट्रोलरमध्ये, म्हणजे प्रोबचे आकडे नोंदवणाऱ्या यंत्रात, कोणी भरलीच नव्हती.

आलेख काढून पाहिला. रोज रात्री नऊला रेषा एकदम पायरीसारखी खाली, मग पहाटेपर्यंत हळूहळू घसरण. सकाळी नऊला एक उडी वर, आणि दुपारपर्यंत सावकाश चढ. मीठ काही रात्री टाकी सोडून फिरायला जात नाही. पण टाकीखालच्या सम्पमधला (टाकीला जोडलेल्या, पाणी साफ करणाऱ्या खालच्या टाकीतला) शेवाळाचा दिवा नेमका रात्री नऊ ते सकाळी नऊ लागतो, वरचे दिवे बंद असताना. आणि प्रोब? त्याच शेवाळाच्या कप्प्यात.

प्रोब मीठ मोजत नाही हे लोकांच्या डोक्यात शिरतच नाही. दोन इलेक्ट्रोडमधल्या पाण्यातून वीज किती सहज जाते, एवढंच तो पाहतो. त्या फटीत हवा शिरली की वाहक पाणी कमी, आकडा खाली. उजेडात शेवाळ ऑक्सिजन सोडतं, त्याचे बारीक बुडबुडे फटीत चिकटतात. म्हणून रात्री थांबलो. दिवा लागून बराच वेळ गेल्यावर प्रोब पाण्यातच हलवला, दोन टिचक्या मारल्या. मोहरीएवढा बुडबुडा सुटला आणि आकडा चढला. पण पूर्ण नाही, 37.2 वर अडला. दिव्याचं बटण बंद केलं आणि उरलेलं त्या क्षणी भरून आलं. दिव्याचा अडॅप्टर आणि प्रोबची वायर एकाच पट्टीत आवळून बांधली होती, म्हणून दिव्याच्या विजेची गडबड प्रोबच्या आकड्यात शिरत होती! बसवणाऱ्याने कपाट अगदी देखणं केलं होतं. सुबक वायरिंगचा हा सोस मला कधीच कळलेला नाही.

वायर वेगळी काढली. प्रोब व्हिनेगरमध्ये बुडवून पांढरा थर उतरवला आणि स्वच्छ धुतला. 53 मिलीसिमेन्सच्या प्रमाण द्रावणाची (ही 35 खारटपणाच्या पाण्याची वाहकता) नवी पुडी न फोडता टाकीत तरंगत ठेवली, कारण अंशाला साधारण दोन टक्के वाहकता बदलते. प्रोबमध्ये तापमानाची भरपाई असली तरी थंड द्रावणात घाईने कॅलिब्रेशन करणं मला पटत नाही. मग हवेत कोरडा धरून शून्य आणि द्रावणात हलवून, बुडबुडा नाही ना हे पाहून 53. उरलेलं द्रावण ओतून दिलं. उघडी पुडी जपून ठेवणाऱ्यांचं पाणी उडतं, द्रावण घट्ट होतं आणि मग टाकीचा आकडा कमी येतो. शेवटी प्रोब दुसऱ्या कप्प्यात हलवला, उभा आणि पूर्ण बुडालेला.

38 वरून 35 वर यायला साधारण चोवीस लिटर काढून तेवढंच आरओ पाणी (क्षार काढून टाकलेलं) घालावं लागतं. ते एका दिवसात करायचं नाही, हे साहेबांना दोनदा सांगावं लागलं.

झिंग्यांचं मात्र अजून सुटत नाही. 38 पर्यंत ते हळूहळू गेले असते, तर कदाचित तगलेही असते. पण दादा रोज सकाळी सुकं मीठ थेट सम्पमध्ये ओतत होते, पाण्यात विरघळवून घ्यायला त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मारलं ते 38 ने की त्या रोजच्या झटक्याने, हे आलेखावरून कळायला मार्ग नाही; सकाळचे आकडे बुडबुड्यांनी आधीच खोटे केलेले. साहेबांनी आता दुसरा प्रोब मागवलाय, पडताळणीसाठी. तो पहिल्याच्या शेजारीच बसवा म्हणतात, तिथे जागा आहे म्हणून.