हिरव्या चिठ्ठीवरचे बारा आकडे

आज इथे ब्रिटनमध्ये गाडी-परवाना खात्याच्या हेल्पलाइनला फोन केला. काल सेकंडहँड गाडी घेतली. लॉगबुक, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद, पोस्टाने येणार; हातात फक्त त्यातली नव्या मालकाला देतात ती हिरवी चिठ्ठी. विकणारे म्हणाले, "टॅक्स भरलेला आहे, काळजी नको." पण मन मानेना, म्हणून गाडी त्यांच्याच दारात ठेवली.

बराच वेळ थांबल्यावर एक बाई बोलल्या. किती शांतपणे समजावलं त्यांनी! ऑक्टोबर २०१४ पासून जुन्या मालकाचा टॅक्स गाडीबरोबर येतच नाही. उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे त्याला परत जातात, आणि नव्या माणसाने स्वतः टॅक्स भरल्यावरच गाडी रस्त्यावर काढायची. लॉगबुकसाठी थांबायला नको, हिरव्या चिठ्ठीवरचा १२ आकडी नंबर पुरतो. मी चिठ्ठी शोधेपर्यंत त्या लाइनवर थांबल्या. "सावकाश बघा," म्हणाल्या. परक्या देशात असं कुणी म्हटलं की खरंच धीर येतो.

लगेच ऑनलाइन टॅक्स भरला. विमा कालच काढला होता. सेकंडहँड गाडी घेताना ही चिठ्ठी मागून घ्याच. लॉगबुक आलंच नाही तर ते मागवायच्या अर्जाला, म्हणजे व्ही६२ फॉर्मला, ती जोडली की फी लागत नाही.

उद्या सकाळी गाडी आणायला जातोय.