रुम्बकच्या खोऱ्यात हिमबिबट्याच्या मागावर

लडाखच्या हेमिस राष्ट्रीय उद्यानात हिमबिबट्या पाहायचा तर फेब्रुवारी-मार्च गाठावा. हा त्यांचा मीलनाचा काळ. शिवाय बर्फामुळे भरल, म्हणजे इथल्या जंगली मेंढ्या, खालच्या उतारांवर येतात आणि त्यांच्यामागे बिबट्याही येतो.

मुंबई-पुण्याहून विमानानं थेट ३,५०० मीटरवरच्या लेहला उतरल्यावर पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्या, तिसऱ्या दिवशी थोडंसंच हिंडा. डोकं दुखतंय, मळमळतंय आणि तरी वर निघालात, तर त्रास वाढतो. तेव्हा खाली उतरणं हाच खरा उपाय. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम इथे चालत नाही, पोस्टपेड ठेवा.

लेहजवळच्या झिंगचेनहून घळीतल्या ओढ्याकाठानं उद्यानातलं रुम्बक गाव गाठायचं, उंची सुमारे ४,००० मीटर. ओढा गोठलेला असतो, म्हणून बुटांवर चढवायचे काटे हवेतच. मुक्काम गावातल्या घरीच करा. गोठ्यात शिरलेला बिबट्या एका रात्रीत कितीतरी मेंढ्या मारतो; पाहुण्यांकडून मिळणाऱ्या पैशांमुळे गावाला ते नुकसान सोसता येतं. रात्री पारा उणे वीसपर्यंत उतरतो. झोपताना बुखारी, म्हणजे खोली उबदार ठेवणारी शेगडी, विझते, तेव्हा स्लीपिंग बॅग स्वतःची न्या.

शोधायचं कसं? चालत राहून बिबट्या दिसत नाही. पहाटे आणि सूर्यास्ताआधी एका जागी बसून २०-६० पटीच्या स्पॉटिंग स्कोपनं (एका डोळ्यानं पाहायच्या मोठ्या दुर्बिणीनं) आधी कड्याची धार, मग तिच्याखालचे खडक सावकाश पाहत जा. राखाडी दगडात तो इतका मिसळतो की पुष्कळदा आधी शेपूटच हलताना दिसते. त्याहून भरवशाची खूण म्हणजे भरलांचा कळप. चरणं थांबवून सगळे एकाच दिशेला बघत ताठ उभे राहिले, की स्कोप तिकडेच वळवा. एकाच जागी मॅगपाय आणि डोमकावळे गोळा झाले असतील, तर तिथे शिकार पडलेली असू शकते. मोठ्या शिकारीवर बिबट्या तीन-चार दिवस थांबतो, म्हणून जवळ जाण्याची घाई करू नका. माणूस जवळ आला की तो शिकार सोडून निघून जातो, आणि ऐन थंडीत ही उपासमार त्याला फार महागात पडते. समोरच्या उतारावरूनच पाहा.

कॅमेऱ्याच्या जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा. खोलीत शिरण्याआधी कॅमेरा पिशवीत घालून चेन बंद करा आणि तासभर उघडू नका, नाहीतर भिंगावर दव धरतं.