कोळंबीची ट्रेमधली बेक्ड सुशी
दोन वाट्या सुशीचा तांदूळ. नसेल तर आंबेमोहोर चालवून घ्या. बासमती नको, त्याचे दाणे एकमेकांना धरत नाहीत. भात गरम असतानाच 4 मोठे चमचे व्हिनेगर, 2 मोठे चमचे साखर, 1 लहान चमचा मीठ कालवा. गार भातात ते नीट मुरत नाही.

खरी फसगत कोळंबीत. पाव किलो सोललेली कोळंबी, धागा काढून, 2 मिनिटं उकडा, फडक्यात दाबून कोरडी करा आणि मगच चिरा. पाणी राहिलं की खालचा भात गिच्च. 4 मोठे चमचे मेयोनीज, चमचाभर चिली सॉस घालून ट्रेमध्ये पसरलेल्या भातावर पसरा, वर तीळ. 200 अंशांवर 15 मिनिटं.

नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचा वाळवलेला पातळ कागदासारखा पापुद्रा, बेक करायची नाही. कोकणातल्या दमट हवेत, पावसाळ्यात तर फारच, पाकीट उघडल्यावर ती लगेच मऊ पडते. मंद तव्यावर काही सेकंद शेकली की पुन्हा कुरकुरीत. तिच्या तुकड्यावर चमचाभर घेऊन लगेच खा.