फोटो परत पाठवावा, ही विनंती

रात्री साडेअकराला पंचवटीने फोटो टाकला आणि माझी झोप उडाली.

पंचवटी म्हणजे आमची मैत्रीण. कॉलेजातल्या आम्ही अकराजणी, त्यात तिघींचं नाव एकच, म्हणून फोनमध्ये मी सगळ्यांची नोंद राहत्या ठिकाणावरून केली आहे. पंचवटी, सिडको, नाशिकरोड, देवळाली, ओझर. "सिडकोला ताप आलाय," असं मी घरात म्हटलं की नवरा पेपरातून डोकं वर काढून विचारतो, "डेंग्यू का?"

एरवी आमच्या ग्रुपवर काय असतं? सुप्रभात, गुडघे, गुडघ्यावरचं तेल, सुनेबद्दल अर्धं वाक्य आणि मग 'हा मेसेज डिलीट केला आहे'. पण पंचवटीने दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची ट्रंक खाली काढली, आणि 1986 सालची आमची पांडवलेण्यांची सहल ट्रंकेतून निघून थेट अकरा फोनांत जाऊन पोचली. खाली एवढंच लिहिलेलं, "ओळखा पाहू मी कोणती?"

प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता, कारण फोटोत आठ मुली होत्या आणि त्यांतल्या पाचजणींना डोकी नव्हती.

फोटो काढला होता ओझरने, भावाच्या कॅमेऱ्यावर. त्या साध्या कॅमेऱ्यांत बघायची खिडकी वेगळी आणि भिंग वेगळं. लांबचं दृश्य दोघांना साधारण सारखंच दिसायचं, पण माणूस जवळ आला की खिडकीतून अख्खा दिसणारा भिंगाला मात्र कपाळापासून पुढे दिसत नसे. आणि ओझरने फोटो अगदी जवळ येऊन काढला होता. का, तर चेहरे नीट यावेत.

"चेहऱ्यांचा नाही तर नाही, तुमच्या पदरांचा तरी नीट आलाय," ओझरने बाजू मांडली.

"पदर कुठला? ओढण्या आहेत त्या."

"मग रंग असा कसा?"

रंगाचं खरं होतं. त्या काळच्या रंगीत प्रिंटमधला निळसर रंग अल्बमच्या बंद अंधारातसुद्धा सगळ्यात आधी उडतो, मागे राहतात लाल आणि पिवळा. त्यामुळे आमचं आकाश गुलाबी झालेलं, माझा पोपटी ड्रेस विटकरी, आणि ज्या तिघींना डोकी होती त्यांचे चेहरे पिंपळगावच्या मार्केटात उतरवलेल्या टोमॅटोसारखे. सिडकोने लिहिलं, "मी लाजलेय असं समजा." बारा वाजून गेले तरी कोणी झोपायला तयार नव्हतं. ओझरला रात्री साडेबाराला आठवलं की त्या दिवशी डब्यात तिच्या आईने दिलेली मेथीची पोळी मी एकटीने संपवली होती. मी नाकबूल केलं. 38 वर्षांपूर्वीच्या पोळीचा पुरावा कोण आणणार?

मी पांडवलेण्यांत नंतरही पुष्कळदा गेले. आता पायथ्याशी फाळके स्मारक आहे, तेव्हा नव्हतं. वर 24 लेणी आहेत, पण आमची सहल तिसऱ्या लेण्यापुढे बसून डबे संपवायची, कारण तिथे सावली चांगली. पुष्कळ वर्षांनी कळलं, ज्या भिंतीला टेकून आम्ही लोणच्याचे हात पुसायला कागद शोधत होतो तिथे गौतमी बलश्रीचा लेख आहे. या राणीने आपल्या मुलाचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, पराक्रम त्यात सविस्तर कोरून ठेवले आहेत. म्हणजे आईने मुलाचं कौतुक येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसेल असं लावून ठेवायची रीत नाशकात सुमारे 1900 वर्षांची आहे. आमची सिडको लेकाच्या प्रमोशनची बातमी तीनदा टाकते, तिला उगीच नावं ठेवतो आम्ही.

दुसऱ्या दिवसापासून फोटोंचा पूर आला. गोदेला येतो तसा, आधी गढूळ. कोणी अल्बमच्या प्लॅस्टिकवरूनच फोनने टिपलेला, त्यात ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा. कोणाच्या फोटोत कोपऱ्यात स्वतःचाच अंगठा. एकीने भिंतीवरची फ्रेम टिपली, तर काचेत आताची ती, गाऊनमध्ये, फोन धरून उभी. आणि आत ती एकोणीस वर्षांची, दोन वेण्या घालून. यावर कोणीच काही लिहिलं नाही. नुसते बदाम आले. मग पंचवटीने विचारलं, "गाऊन कुठून घेतलास गं?" आणि गाडी रुळावर आली.

आम्हाला तारुण्य होतं याचे पुरावे तसे थोडेच. 36 फोटोंचा एक रोल. गणपतीत घातला की दिवाळीपर्यंत पुरवायचा. आरास, आरती, मामा, मामी, मामाची नवी लूना, एवढ्यातच तीस संपायचे. मधल्या मुलीचा एकटीचा फोटो हा शुद्ध उधळेपणा. शेवटचे दोन-तीन उरले की मात्र समोर जो असेल त्याचा काढायचा, कारण रोल धुवायला टाकायची घाई. माझा दारात बसून तांदूळ निवडतानाचा फोटो असाच, रोल संपवायला काढलेला. सूप मांडीवर, वेणी पुढे आलेली, तोंडात खडा आल्यासारखा चेहरा. माझा त्याहून चांगला फोटो पुढे कधीच आला नाही.

देवळालीने मात्र काहीच टाकलं नव्हतं. चौथ्या दिवशी तिने लिहिलं, "माझा लग्नाआधीचा एकही नाही. आमच्या नानांना चालायचं नाही." तिचे नाना आम्हाला माहीत होते. त्यांच्यासमोर आम्ही पाणीसुद्धा आवाज न करता प्यायचो. मुलीचा फोटो बाहेर कोणाच्या हाती लागेल या धास्तीने त्यांनी कॅमेराच घरात येऊ दिला नाही. यात नाना काही जगावेगळे नव्हते. आपल्या त्र्यंबकचे फाळके 1913 सालच्या हरिश्चंद्रासाठी तारामती शोधून थकले, एक बाई कॅमेऱ्यासमोर उभी राहायला तयार होईना, शेवटी साळुंके नावाच्या पुरुषाला साडी नेसवली. आमचे नाना सत्तरएक वर्षांनंतरही त्याच रांगेत उभे होते, इतकंच.

त्या संध्याकाळी ग्रुप अगदी गप्प होता. मला वाटलं, वाईट वाटलं असेल सगळ्यांना. तसं नव्हतं. सगळ्याजणी आपापले अल्बम उपसत होत्या. रात्री नऊला सिडकोने एक तुकडा पाठवला. स्नेहसंमेलनाचा फोटो, मागे तिसऱ्या रांगेत कोणाच्या तरी खांद्यामागून निम्मा चेहरा, एक डोळा, अर्धी टिकली. मग ओझरने एक कान आणि वेणी शोधली. पांडवलेण्यांच्या त्या फोटोत डोकं नसलेली एक मुलगी होती, तिच्या हातातलं काळ्या पट्ट्याचं घड्याळ पाहून पंचवटीने छातीठोकपणे सांगितलं, हीच ती. असे पाच-सहा तुकडे जमले. देवळालीने त्यातला निम्म्या चेहऱ्याचा फोटो मोठा करून डीपीला लावला. इतका फुटलेला की ओळखू येत नाही. अजून तोच आहे. नातवाचा काढून लावलाय, हे विशेष.

आणि मग निघाले खरे फोटो. दाखवायचे.

ज्यांना हा शब्द ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मुलीचं लग्न करायचं ठरलं की तिला स्टुडिओत नेत. तिथे जो काढत तो 'दाखवायचा फोटो'. पोस्टकार्ड साइज, सहा प्रती, जास्त लागतील म्हणून निगेटिव्ह जपून ठेवायची. आमच्या निम्म्याजणी मेन रोडवरच्या एकाच स्टुडिओत गेल्या होत्या हे आम्हाला 35 वर्षांनी कळलं, खुर्चीवरून. पाच फोटोंत एकच वेताची खुर्ची, तिच्या डाव्या हाताची वीण सुटलेली, आणि ती सुटलेली वीण झाकेल अशा बेताने ठेवलेली प्लॅस्टिकच्या फुलांची कुंडी. मागे पडद्यावर रंगवलेला जिना. तो कुठेच जात नव्हता. पंचवटी आणि मी तर साडीही एकच नेसलो होतो. तिच्या मावशीची मोरपिशी. तिने मार्चमध्ये, मी मेमध्ये. मावशीने ती साडी गल्लीतल्या आणखी किती मुलींना दिली असेल देव जाणे. "त्या साडीलाच स्थळं आली असतील," पंचवटी म्हणाली.

मला तो स्टुडिओ स्पष्ट आठवतो. आरशाशेजारी सुतळीने बांधलेला कंगवा, पावडरचा डबा, दोन मोठे दिवे, त्यांच्या उष्णतेने ओघळणारी तीच पावडर. फोटोग्राफर काका म्हणाले, "मान वर, हनुवटी खाली." ते कसं करायचं हे मला आजही कळलेलं नाही. मग म्हणाले, "हसू नका. हसल्यासारखं करा." दाराशी बाबा चपला न काढता उभे होते. मला तेव्हा वाटलं, ते कंटाळलेत.

आता लोक म्हणतात की आपले फोटो असे कुठेकुठे पाठवू नयेत, कोणाच्या हाती पडतील सांगता येत नाही. पटतं मला. पण माझ्या बावीसाव्या वर्षी माझा फोटो सिन्नर, मालेगाव, संगमनेर, पुणे असा फिरून आला. अनोळखी घरांत तो हातोहात फिरला, चहाच्या कपाशेजारी पडला, कोणी तो खिडकीपाशी नेऊन उजेडात पाहिला असेल. रंग? नाक? केस खरे ना? आणि प्रत्येकाच्या मागे बाबांच्या अक्षरात जन्मवेळ, गोत्र, शिक्षण, उंची, शेवटी 'फोटो परत पाठवावा, ही विनंती'. सोबत आमचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट. बहुतेकांनी पाठवले परत, 'पत्रिका जुळत नाही' अशा चिठ्ठीसह. दोघा-तिघांनी नाही पाठवले. बाबा वहीत त्या नावांपुढे फुली मारत. नकारापेक्षा न आलेल्या पाकिटाचा त्यांना जास्त राग यायचा.

त्या मानाने मैत्रिणी बऱ्या. माझा दाखवायचा फोटो मी टाकला तर पहिली प्रतिक्रिया आली, "कंबर होती की गं तुला!" दुसरी, "कुंडी छान आलीये."

नाशिकरोडने मात्र काहीच लिहिलं नाही. निळ्या टिका दिसत होत्या. तासाभराने तिचा फोन आला. मेसेज नाही, फोन. तिचा आवाज हसू दाबल्यासारखा.

"अगं, हा फोटो आमच्या घरात आहे."

मला वाटलं, ती तिच्या फोनबद्दल बोलतेय.

"नाही गं. खरा. सासूबाईंच्या बिस्किटाच्या डब्यात. थोरल्या दिरांच्या वेळचे सगळे फोटो त्यात ठेवलेत त्यांनी. मी लग्न होऊन आले तेव्हा एकदा पाहिला होता डबा, पण तू आहेस हे लक्षातच आलं नव्हतं. पावडर फार होती तुझ्या तोंडाला."

मग तिने डबाच उघडून टिपला. वर बिस्किटाच्या कंपनीचं बाळ, आत सतरा मुली, रबरबँडात. मी वरून चौथी. पाठीमागची बाजूही पाठवली. निळ्या शाईत बाबांचं अक्षर, 'ह'ची शेपटी लांब ओढलेली. खाली ते पाकीटही होतं, तिकिटासकट, न वापरलेलं.

पुढचे दोन दिवस माझं काही खरं नव्हतं. ग्रुपवर मी 'थोरल्या जाऊबाई' झाले. गणपतीत नैवेद्याला पुरण कोणी वाटायचं इथपर्यंत आमच्या वाटण्या झाल्या. ओझरने विचारलं, "जाऊबाई, मेथीची पोळी आहे का?" नाशिकरोड मला अहोजाहो करू लागली, आणि एकदा चुकून तिने ते खरंच केलं तेव्हा ग्रुपवर दहा मिनिटं नुसते हसणारे चेहरे.

मी मात्र एक गोष्ट विचारत राहिले. नाही का म्हणाले होते? चिठ्ठी तर आलीच नव्हती. तिच्या सासूबाई 88 वर्षांच्या आहेत, कान गेलेत, पण स्मरण लख्ख. नाशिकरोडने फोटो त्यांच्या पुढ्यात धरला आणि ओरडून विचारलं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं म्हणे.

"मुलगी चांगली होती गं," त्या म्हणाल्या, "पण उंच. पाच-तीन. आमचा थोरला पाच-तीनच. हिने चपला घातल्या असत्या म्हणजे झालंच."

मी फोटोची पाठ पुन्हा मोठी करून पाहिली. उंची 5 फूट 3 इंच, अगदी स्वच्छ अक्षरात.

मी 5 फूट 2 इंच आहे. तेव्हाही होते. कॉलेजच्या एनसीसीत दोनदा मोजलेली.

नवरा पेपर वाचत होता. मी त्याला सगळं सांगितलं, डबा, पाकीट, सासूबाई, बाबांनी वाढवलेला तो एक इंच. त्याने पेपराची घडी घातली. तो जरा आठवल्यासारखा छताकडे पाहत राहिला.

"आमच्याकडे आला होता त्याच्या मागे," तो म्हणाला, "पाच-एक होतं."