पिवळी वायर, लाल वायर

गाडीत कंपनीचे नेव्हिगेशन असलेले मॉडेल घ्यावे की बाहेरून बसवून घ्यावे, हे प्रत्येक लग्नाच्या पंगतीत कोणी ना कोणी मला विचारतेच. दोन्ही वापरून झाल्यामुळे मला उत्तर ठाऊक असणार, असा सर्वांचा समज आहे. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

2018 मध्ये मी मधले मॉडेल घेतले आणि पुण्यात बाहेरून अँड्रॉइडचा स्क्रीन बसवला. तो मूर्खपणा नव्हता, असे मी आजही म्हणेन. वरच्या मॉडेलमध्ये नकाशासोबत नको असलेले सनरूफही गळ्यात पडत होते आणि तो नकाशा एसडी कार्डावरचा, म्हणजे कार्ड अद्ययावत करेपर्यंत जुनाच राहणारा होता. बसवणाऱ्याने एकही वायर न कापता कपलरला कपलर, म्हणजे प्लगला प्लग, जोडण्याचा शब्द दिला होता. अशा स्क्रीनची पिवळी वायर बॅटरीच्या कायम चालू लाइनला आणि लाल वायर चावी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या लाइनला जोडायची असते. त्याने गाडीची वायर सोलून दोन्ही एकाच, कायम चालू लाइनला जोडल्या. चावी काढल्यावरही स्क्रीन चालू राही. मी तो बटणाने विझवत असे आणि हीच सोय समजत असे.

कोकणात खेड तालुक्यातल्या आमच्या घरी गाडी दोन दिवस अंगणात उभी होती. तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला बाबांना हृदयाच्या तपासणीसाठी पुण्याला न्यायचे होते आणि गाडी सुरूच होईना; विझवलेला स्क्रीन आतून बॅटरी खात राहिला होता. शेजारच्या वाडीतला टेम्पो येऊन त्याच्या बॅटरीवरून जंपरची वायर लागेपर्यंत दोन तास गेले. बाबा तेवढा वेळ चपला घालून, मांडीवर फाइल घेऊन ओट्यावर बसले होते. ते एवढेच म्हणाले, ‘‘रस्ता तर मला पाठ आहे, तुला नकाशा कशाला लागतो?’’ त्या दिवसाची वेळ हुकली; पुढची तारीख तीन आठवड्यांनी मिळाली. सर्व्हिस सेंटरने वायरिंगची वॉरंटी नाकारली आणि त्यात त्यांचे काही चुकले नाही.

2021 च्या गाडीत मात्र कंपनीचेच नेव्हिगेशन आहे. उपग्रहाशी संपर्क तुटला तरी ते चाकांच्या वेगावरून बोगद्यातही गाडीची जागा धरून ठेवते, असे मी कौतुकाने सांगत असे. पुढे 2023 मध्ये गावाच्या वाटेवर, मुंबई-गोवा महामार्गावरच्या कशेडी घाटाला पर्याय म्हणून बोगदा सुरू झाला. माझ्या कार्डाला तो ठाऊकच नाही. बोगद्यातून जाताना ते मला घाटात वळायला सांगत राहते. कार्ड अद्ययावत करण्याचा दर विचारला, तेव्हा 2018 मधला तोच मी पुन्हा हिशेब मांडू लागलो.

सध्या फोन डॅशबोर्डला लावलेला असतो. गाडी उभी केली की त्याची चार्जिंगची वायर मी न विसरता काढतो.