हाफ क्लच

गुरुवार, 2 ऑक्टोबर 2025. दसरा.

सकाळी गाडी धुतली, झेंडूची माळ बांधली, चाकांखाली लिंबं ठेवली. मागच्या दसऱ्याला शोरूमच्या दारात अशीच लिंबं चिरडताना माझे पाय लटपटत होते. क्लच सोडला की गाडी बंद. पुन्हा स्टार्ट, पुन्हा बंद. तिथला मुलगा पेढ्यांचा पुडा धरून उभा होता. शेवटी त्यानेच गेटबाहेर काढून दिली.

आज मीटर 9,846.

वॅगनआर, सीएनजी, पांढरी. कंपनीतूनच टाकी बसवलेली, म्हणजे डिकीवर पाणी सोडायचं. आमच्या बॅगा वर्षभर मागच्या सीटवर माणसासारख्या बसतात. टाकी म्हणायला 60 लिटरची, पण गॅस बसतो आठ-साडेआठ किलो. भर दुपारी त्याहूनही कमी, कारण तापलेला गॅस फुगतो आणि दाबाचा 200 बारचा काटा लवकर गाठतो. म्हणून अण्णा म्हणतात, पहाटे भरायचा. पहाटे म्हणजे साडेपाच. मग रांगेत उभं राहायचं, नंबर आला की सगळ्यांनी खाली उतरायचं, आणि अण्णा मीटरसमोर हाताची घडी घालून उभे.

अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. सातारा–स्वारगेट किती वेळा केलं याची मोजदाद नाही. गाडी आली त्याच दिवशी त्यांनी डॅशबोर्डच्या खणात शंभर पानी वही ठेवली. तारीख, किलोमीटर, किलो, रुपये. एसटीत डिझेलचा हिशेब केपीटीएलमध्ये, दहा लिटरला किती किलोमीटर, आणि ज्याचा केपीटीएल घसरला त्याला डेपोत बोलणी. आमच्या गाडीचाही तसाच चालतो. "दहा किलोला दोनशे बावन्न. गेल्या खेपेला दोनशे साठ होते. कुठं रेस देत होतीस?"

मी शाळेला जात होते, अण्णा. सिग्नलला.

दिवाळीला गावी निघालो तो खंबाटकीचा दिवस विसरणं शक्य नाही. पुण्याकडे येताना बोगदा आहे, साताऱ्याकडे जाताना मात्र तेव्हा घाट चढूनच जावं लागायचं. पुढे उसाचा ट्रक, मागे कुणाची तरी मोठी काळी गाडी, आणि ऐन चढावर ट्रक थांबला. मी हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धाच सोडून, गाडी धरून ठेवली. आत जळका वास. आई मागून "काहीतरी करपलं" म्हणाली, जणू गॅसवर दूधच आहे. गाडी हातभर मागे आली. काळ्या गाडीचा हॉर्न.

अण्णा ओरडतील असं वाटलं होतं. ते हळू आवाजात म्हणाले, "हँडब्रेक ओढ. पेट्रोलवर घे. आता क्लच सोडत ये. नाक जरा उचललं की हँडब्रेक सोड." नाक उचललं. चढलो. वर आल्यावर मग म्हणाले, "क्लच म्हणजे पायपुसणं नव्हे."

त्यांच्या सीटखालचं मॅट आज धुताना पाहिलं. एकाच जागी झिजलंय, उजव्या टाचेखाली. तिथे ब्रेक नाही, पण ते वर्षभर दाबत आलेत.

बाकी वर्ष साधंच गेलं. मार्चमध्ये पार्किंगच्या खांबाला मागचं दार घासलं. क्लेम केला असता तर विम्याचा 20 टक्क्यांचा नो क्लेम बोनस गेला असता, म्हणून पोचा तसाच ठेवलाय. जुलैत उंदरांनी बोनेटमधल्या वायरी कुरतडल्या. सर्व्हिसिंगवाल्याने स्प्रे सुचवला. अण्णांनी फडक्यात तंबाखूची पुरचुंडी बांधून आत टांगली. पुन्हा उंदीर आले नाहीत. तंबाखूमुळे की समोरच्या विंगमधल्या नव्या मांजरीमुळे, हा घरातला वाद अजून मिटलेला नाही.

आणि जीएसटी. 22 सप्टेंबरला छोट्या गाड्यांवरचा कर सेस धरून 29 टक्क्यांवरून 18 वर आला. तेव्हापासून सोसायटीत रोज कुणीतरी थांबवतं: "वर्षभर कळ काढायला हवी होतीत." आपले किती वाचले असते याचा हिशेब मी केलेला नाही. म्हणजे केला, पण अण्णांना सांगितला नाही, नाहीतर वहीत चढेल.

पूजा झाल्यावर सोनं वाटायला निघालो. मी किल्ली अण्णांपुढे धरली, आज तरी चालवा म्हणून. ते डावीकडे जाऊन बसले. "मला बसची सवय. ही गुडघ्याएवढी गाडी मला झेपायची नाही." मग पट्टा लावून वही उघडली.

विमा 11 तारखेला संपतो. थर्ड पार्टी तीन वर्षांचा आधीच भरलाय, फक्त गाडीच्या नुकसानीचा भरायचा. उद्या करते. तंबाखूही बदलायची आहे, तिचा वास गेलाय.