विनिपेगच्या फडताळातल्या भांगेच्या बिया

इथे कॅनडातल्या विनिपेगमध्ये मोठ्या दुकानांत ओट्स आणि सुक्यामेव्याच्या शेजारी सोललेल्या हेम्पच्या बियांची पाकिटं असतात. हेम्प म्हणजे भांगेचंच झाड, पण नशा न येणाऱ्या वाणाचं. घरच्या ग्रुपवर पाकिटाचा फोटो टाकल्यावर सगळे ‘याने नशा चढते का?’ या एकाच गोष्टीवर अडकले, म्हणून आधी तेच सांगते.

नशा आणणारं टीएचसी हे रसायन मादी झाडाच्या फुलोऱ्यावरच्या चिकट ग्रंथींत तयार होतं, बीमध्ये नाही. मळणी करताना सालीला लागेल तेवढंच, तेही नगण्य. कॅनडाने १९३८ साली या पिकावर बंदी घातली आणि १९९८ मध्ये परवाना पद्धतीने लागवड पुन्हा सुरू केली. फुलापानांत टीएचसी ०.३ टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये, अशी अट आहे. आमचा मॅनिटोबा आणि पलीकडचे सस्कॅचेवान, अल्बर्टा या सपाट गव्हाळ मुलखातच हे पीक जास्त होतं.

सोललेली बी तिळापेक्षा जराशी मोठी, मऊ, साईच्या रंगाची, मधूनमधून हिरवट. चव चिलगोज्याच्या जवळची. १०० ग्रॅममध्ये सुमारे ३१ ग्रॅम प्रथिनं. आपल्या शेंगदाण्यात २५-२६. म्हणजे फरक आहे, पण पाकिटावर मिरवतात तेवढा नाही. मला खरं मोल वाटतं ते मॅग्नेशियमचं. तीन टेबलस्पून, म्हणजे ३० ग्रॅम बियांत जवळजवळ २०० मिलिग्रॅम, मोठ्या माणसाच्या दिवसाच्या गरजेच्या निम्म्याच्या आसपास. शिवाय जस्त आणि थोडं लोहही. आमच्यासारख्या मांस-मासे न खाणाऱ्या घरात ही मोठीच सोय आहे. प्रथिनांतला लायसिन हा एक आवश्यक घटक मात्र यात कमी पडतो आणि तो डाळींत भरपूर असतो. म्हणून मी या बिया वरण-भातावरच भुरभुरते. मुलगी तर दही-भातावर मागून घेते.

ओमेगा-३ साठी मात्र यांच्यामागे लागू नका. त्यात आपलं जवस कितीतरी पुढे आहे, दुपटीहून जास्त, आणि गावच्या बाजारात ते स्वस्तात मिळतं. रोज जवसाची चटणी खाणाऱ्या आत्याला मी हेच सांगितलं: तुमचं चाललंय ते उत्तम चाललंय. त्वचा उजळते, हार्मोन्स सुधारतात वगैरे दाव्यांना अजून भक्कम पुरावा नाही. तूप-लोण्याच्या जागी अशी बियांतली स्निग्धता आली तर हृदयाला बरं, इतपत नक्की म्हणता येतं. सोललेल्या बियांत चोथा फारसा नसतो, तो सालीबरोबर जातो.

भारतात २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने (एफएसएसएआय) या बिया, त्यांचं तेल आणि पीठ यांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली. उत्तराखंडात तर पिढ्यानपिढ्या त्या खातात. इथली अल्मोड्याची शेजारीण अख्ख्या बिया कोरड्याच भाजते आणि जिरं, हिरवी मिरची, कोथिंबीर घालून वाटते, वर लिंबू पिळते. भाजताना बिया तडतडायला लागल्या की लगेच उतरवते, नाहीतर कडवट होतात. ती चटणी मी भाकरीबरोबर खाल्ली आणि तेव्हापासून आमच्याकडे पाकीट संपू देत नाही.

मागवणार असाल तर एफएसएसएआय क्रमांक बघून घ्या. सुरुवात रोज एका चमच्याने करा, एकदम जास्त खाल्लं तर पोट बिघडतं. मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण यात फॉस्फरस बराच असतो. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तरीही विचारा. हेम्पचं तेल फोडणीला वापरू नका, ते लवकर जळतं, वरून घ्या. आणि पाकीट फोडलं की फ्रिजमध्येच ठेवा, आपल्याकडच्या उन्हाळ्यात बिया पटकन खवट होतील.